नटबोल्ट जाम होऊ नयेत यासाठी: ते बसवताना अडकतात की काढताना, हे आधी पाहा

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. पंपाच्या फ्लँजला, म्हणजे नळी जोडायच्या रुंद कडेला, स्टेनलेस स्टीलचे एम१२ (१२ मिलिमीटर व्यासाचे) बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट आपण इम्पॅक्ट गनने, म्हणजे ठोके देत वेगाने फिरणाऱ्या यंत्रपान्याने आवळता, तेव्हा नट अर्ध्या वाटेत अडकतो, पुढे जात नाही आणि मागेही येत नाही, आणि शेवटी बोल्ट कापूनच काढावा लागतो. त्याच यंत्रावरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाचे स्टेनलेस स्क्रू मात्र बसवताना बोटांनी फिरतात, पण वर्षभराने झाकण उघडायला गेले की ते हलत नाहीत आणि जोर लावला की डोकी तुटून हातात येतात. दोन्हीकडे तांब्याची अँटी-सीझ पेस्ट (आटे अडकू नयेत म्हणून लावायचे धातूचे कण मिसळलेले ग्रीस) लावली तर प्रश्न सुटेल का, असे आपण विचारले आहे.

फ्लँजवर त्या पेस्टचा उपयोग होईल, पण ती एकटी पुरणार नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर मात्र तिने काही काळाने नुकसानच होईल. ‘जाम झाला’ हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या बिघाडांना वापरतो, आणि त्यामुळे दोन्हीवर एकच औषध शोधले जाते. माझ्याकडे असा नटबोल्ट कोणी घेऊन आले, तर माझा पहिला प्रश्न असतो की तो बसवताना अडकला की काढताना. बसवताना अडकला असेल तर धातू धातूला चिकटलेला असतो. काढताना अडकला असेल तर मधल्या काळात आट्यांमध्ये काहीतरी तयार झालेले असते: गंज, क्षार किंवा जळालेल्या ग्रीसचा कोळसा. पहिल्या बिघाडात घर्षण आणि उष्णता कमी करायची असते. दुसऱ्यात पाणी आणि हवा आट्यांबाहेर ठेवायची असते.

आधी फ्लँजचे पाहू, कारण त्यात समजून घेण्यासारखे अधिक आहे. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. हे क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा तयार करते. नट आवळताना आट्यांच्या बाजू एकमेकींवर दाबाखाली घासतात, तेव्हा पृष्ठभागावरच्या सूक्ष्म उंचवट्यांवरचा हा पापुद्रा खरवडला जातो. उघड्यावर तो क्षणात परत तयार झाला असता, पण घट्ट बसलेल्या आट्यांच्या आत हवा जवळजवळ पोहोचत नाही. मग एकाच जातीचा, मऊ आणि उघडा पडलेला धातू समोरच्या तशाच धातूवर दाबला जातो आणि दोन्ही जुळतात. हा एक प्रकारचा थंड जोड, म्हणजे न वितळवता झालेले वेल्डिंगच होय. पुढे फिरवले की तो जोड तुटतो, पण तुटताना एका बाजूचा कण उखडून दुसऱ्या बाजूला चिकटतो. ३०४ आणि ३१६ या जातींचे पोलाद ताणले-चेपले गेले की कठीण होते, त्यामुळे उखडलेला कण मूळ धातूपेक्षा कठीण बनतो आणि पुढच्या आट्यात नांगरासारखा रुततो. अर्ध्या फेऱ्यापूर्वी सहज फिरणारा नट अचानक दगडासारखा घट्ट का होतो, याचे उत्तर यातच आहे.

असा एक नट मी हॅकसॉने उभा कापून उघडून पाहिला होता. पहिले दोन-तीन आटे स्वच्छ आणि चकचकीत होते. त्यांच्या पुढे आट्यांचा आकारच उरला नव्हता. अंगठ्याने चेपलेल्या कणकेसारखा लिबलिबीत दिसणारा धातूचा पट्टा तिथे पसरला होता, आणि बोल्ट कुठे संपतो नि नट कुठे सुरू होतो हे सांगणारी रेषा भिंगातूनही सापडत नव्हती. गंजाचा मागमूस नव्हता. तो नट बसवून दहा मिनिटेही झाली नव्हती.

साध्या कार्बन स्टीलच्या नटबोल्टांत हे सहसा घडत नाही. त्यांच्यावर जस्ताचा किंवा फॉस्फेटचा थर असतो, वर तेल असते, आणि जास्त ताकदीचे बोल्ट मुळात कठीणही असतात. त्यामुळे कार्बन स्टीलवर हात बसलेला माणूस तीच सवय, तोच वेग आणि तीच गन स्टेनलेसवर वापरतो, आणि तिथेच चूक होते.

म्हणून माझा पहिला सल्ला पेस्टचा नसून वेगाचा आहे. स्टेनलेस स्टील उष्णता वाहून नेण्यात कार्बन स्टीलच्या साधारण एक तृतीयांशच आहे. गनच्या वेगाने आट्यांत तयार झालेली उष्णता जागच्या जागी साठते आणि धातू चिकटण्याची शक्यता वाढते. नायलॉक नटाने ही अडचण आणखी वाढते, कारण त्यातली नायलॉनची कडी बोल्टला पहिल्या फेऱ्यापासून शेवटपर्यंत पकडून ठेवते. आपले बोल्ट गरजेपेक्षा लांब असतील तर नट त्या सगळ्या लांबीवर घासत जातो. बोल्टची लांबी अशी निवडावी की आवळून झाल्यावर नटाबाहेर दोन-तीन आटे दिसतील, त्याहून जास्त नकोत. नट साध्या पान्याने, हाताच्या वेगाने चालवावा आणि शेवटचा आवळ टॉर्क पान्याने, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याने द्यावा. कंपनाची खरी भीती नसेल, तर त्या जागी नायलॉकची गरज आहे का, हेही एकदा तपासावे.

दुसरी गोष्ट फार थोडे लोक पाहतात. फ्लँजच्या दोन तोंडांमध्ये फट असेल किंवा भोके नीट समोरासमोर येत नसतील, तर आपण बोल्टच आवळून ती तोंडे जवळ ओढतो. म्हणजे नट मोकळा फिरायला हवा तेव्हाच त्याच्यावर पूर्ण भार येतो आणि तो भार घेऊन तो कित्येक फेरे घासत जातो. मी अशा ठिकाणी आधी कार्बन स्टीलचे दोन किंवा चार तात्पुरते बोल्ट, नाहीतर क्लँप लावून तोंडे मिळवून घेतो, भोके सरळ करतो, आणि मगच स्टेनलेसचे बोल्ट एकेक करून घालतो. प्रत्येक नट बोटांनी तळापर्यंत जायलाच हवा. बोटांनी जात नसेल तर त्या आट्यांत धातूचा चुरा, वाळू, वेल्डिंगचा थेंब किंवा चेपलेली कड आहे असे समजून तो बाजूला ठेवावा. एका नटाची किंमत कापाकापीत जाणाऱ्या वेळेपुढे काहीच नाही.

यानंतर पेस्ट. स्टेनलेसवर स्टेनलेस असेल तिथे मी निकेलची किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडची पेस्ट निवडतो. तांब्याची पेस्टही आटे चिकटणे रोखते हे खरे आहे. मात्र तांब्याचे कण इतर धातूंशी आणि काही रसायनांशी जुळत नाहीत, म्हणून मी निकेलवर स्थिरावलो आहे. पंपातून अन्नपदार्थ किंवा पिण्याचे पाणी जात असेल तर त्यासाठी मान्य असलेली धातुरहित पांढरी पेस्टच घ्यावी. प्राणवायूच्या नळ्या आणि झडपा असतील तर तेल किंवा ग्रीस असलेली कोणतीही पेस्ट तिथे नेऊ नये. दाबाखालच्या प्राणवायूत ती पेट घेऊ शकते, आणि तिथे फक्त त्या कामासाठी प्रमाणित केलेलेच वंगण चालते.

पेस्ट किती लावायची, तर ब्रशने आट्यांच्या खोबणीत पातळ थर बसेल इतकीच. ती नटाच्या खालच्या तोंडालाही लावावी, कारण नट वॉशरवर घासतो तिथेही बराच जोर खर्च होतो. डबा उघडण्यापूर्वी नीट हलवावा किंवा ढवळावा. ठेवून ठेवून धातूचे कण तळाशी बसलेले असतात, आणि वरवरचे घेतले तर आपण नुसते ग्रीस लावत असतो.

साहित्याबद्दल थोडेसे सांगतो. बोल्ट ३१६ चा आणि नट ३०४ चा घेतला की आटे चिकटत नाहीत, असे अनेकदा सांगितले जाते. माझ्या अनुभवात याने फरक पडतो, पण थोडा, कारण दोन्ही जाती एकाच कुळातल्या आणि जवळपास सारख्याच मऊ आहेत. कठीणपणात किंवा धातूच्या जातीत खरा फरक असेल, नाहीतर मध्ये वंगणाचा थर असेल, तरच मोठा लाभ होतो. स्टेनलेस बोल्टवर ब्राँझचा नट, मेणाचा किंवा अन्य कोरड्या वंगणाचा थर दिलेला नट, किंवा याच दोषावर उपाय म्हणून विकसित केलेली नायट्रॉनिक ६० सारखी मिश्रधातूची जात हे पर्याय त्या वर्गातले आहेत. आट्यांचाही परिणाम होतो. कापलेल्या आट्यांपेक्षा रोल केलेले आटे गुळगुळीत असतात, आणि एम१२ मध्ये १.२५ मिलिमीटरच्या बारीक पिचपेक्षा (पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर) १.७५ चे जाड पिच या बाबतीत सुरक्षित आहे.

आता ज्या मुद्द्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी वाटते तो सांगतो. पेस्ट लावली की टॉर्कचा आकडा बदलतो. टॉर्क पान्याने आपण जो जोर देतो, त्यातला साधारण निम्मा नटाच्या तोंडाखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांच्या घर्षणात जातो, आणि जेमतेम १० टक्के बोल्टला ताणण्यासाठी, म्हणजे फ्लँज धरून ठेवण्याच्या खऱ्या कामासाठी उरतो. घर्षण कमी केले की तोच टॉर्क बोल्टला कितीतरी जास्त ताणतो.

आपल्याच बोल्टचे गणित करून पाहू. ए२-७० या वर्गाच्या एम१२ बोल्टचे ताण घेणारे क्षेत्रफळ ८४.३ चौरस मिलिमीटर असते आणि तो दर चौरस मिलिमीटरला ४५० न्यूटनपर्यंत ताण कायमचा न लांबता सहन करतो, म्हणजे एकूण सुमारे ३८ किलोन्यूटन. त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे २८ किलोन्यूटन ताण आपल्याला हवा आहे असे धरू. हवा असलेला ताण, बोल्टचा व्यास आणि टॉर्कचा गुणांक (K; तो घर्षणावर अवलंबून असतो, पण नुसता घर्षणाचा गुणांक नव्हे) यांचा गुणाकार म्हणजे टॉर्क. कोरड्या जोडणीचा गुणांक ०.२० धरला तर टॉर्क ६७ न्यूटन-मीटर येतो. पेस्ट लावल्यावर गुणांक ०.१४ धरला तर तोच ताण ४७ न्यूटन-मीटरमध्ये मिळतो. पेस्ट लावून जुन्या सवयीने ६७ वरच आवळले, तर बोल्टमधला ताण ४० किलोन्यूटनच्या जवळ जातो आणि ३८ ची मर्यादा ओलांडली जाते. ०.१४ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला आहे. पेस्टच्या माहितीपत्रकात तिचा टॉर्कचा गुणांक (K) दिलेला असेल तर तोच वापरावा. कोरड्या स्टेनलेसचा गुणांक तर कधी कधी ०.३० च्याही पुढे जातो आणि एका बोल्टवर एक, दुसऱ्यावर दुसराच निघतो. पेस्ट लावण्याचा एक मोठा लाभ असा की सगळ्या बोल्टांतला ताण बराचसा सारखा येतो आणि फ्लँजमधले गॅस्केट (गळती रोखणारी चकती) एकसारखे दबते.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. कामाला लागून फार दिवस झाले नव्हते, तेव्हा एका झाकणाच्या स्टडना (दोन्ही टोकांना आटे असलेल्या, डोके नसलेल्या बोल्टना) मी भरपूर पेस्ट लावली आणि नकाशावर कोरड्या जोडणीसाठी दिलेल्या टॉर्कनेच आवळत गेलो. तिसऱ्या स्टडवर पाना जड होण्याऐवजी हलका लागला, जणू नट लोण्यात फिरत होता. स्टड बाहेर काढून पाहिला तर मधला भाग बारीक झालेला स्पष्ट दिसत होता. त्या दिवसापासून नकाशावरचा टॉर्क कोरड्या आट्यांचा आहे की वंगण लावलेल्या, हे विचारल्याशिवाय मी पाना उचलत नाही.

याच कारणाने गाडीच्या चाकांचे नट आणि जस्त किंवा निकेलचा थर असलेले स्पार्क प्लग यांवर निर्मात्याने सांगितल्याशिवाय पेस्ट लावू नये. त्यांचे टॉर्क कोरड्या आट्यांसाठी ठरवलेले असतात.

आता अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणाकडे वळू. इथे स्क्रू बसवताना सहज जातो, म्हणजे धातू चिकटण्याचा प्रश्न नाही. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असले आणि त्यांच्यामध्ये पाण्याचा, विशेषतः खाऱ्या पाण्याचा अंश असला की त्यांचा एक छोटा विद्युतघट तयार होतो. त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि स्टेनलेस सुरक्षित राहते. झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी पूड होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागते, पण आट्यांत जागा नसते, म्हणून ती ठासून बसते. आपल्या तुटलेल्या स्क्रूच्या भोकात टोकदार सळईने खरवडून पाहिलेत तर खडूसारखी पांढरी पूड निघेल. ती निघाली तर माझे निदान बरोबर आहे असे समजा.

तांब्याची पेस्ट इथे का नको, ते यावरून कळेल. तांबे हे अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने विद्युतदृष्ट्या फार दूरचे आहे. ज्या घटामुळे झीज होत आहे, त्याच घटात आपण तांब्याचे हजारो कण आपल्या हाताने भरत असतो. ग्रीस ताजे असते तोवर ते पाणी अडवते आणि सगळे ठीक दिसते. ग्रीस सुकले किंवा धुऊन गेले की झीज पूर्वीपेक्षा वेगाने होते. इथे जस्त असलेली पेस्ट किंवा धातू नसलेली पाणीरोधक पेस्ट वापरावी. अ‍ॅल्युमिनियमच्या आधी जस्त झिजते, शिवाय पेस्ट पाणी अडवते, असा दुहेरी उपयोग आहे. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचे किंवा रबर लावलेले वॉशर घातले तर पाणी शिरण्याची मुख्य वाट बंद होते आणि डोक्याखालचा संपर्कही तुटतो. माझ्या मते पेस्ट कोणती यापेक्षा हे वॉशर जास्त काम करते.

दुसरा चांगला मार्ग मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकरचा आहे. घट्ट करणारे द्रव्य अडकणे कसे टाळेल, असे अनेकांना वाटते. ते आट्यांमधली सगळी पोकळी भरून घट्ट होते, त्यामुळे पाण्याला आत जागाच राहत नाही, आणि पुढे साध्या पान्याने ते सुटते. फक्त आटे तेलरहित आणि स्वच्छ हवेत. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमवर ते हळू सेट होते, म्हणून त्यासोबतचे प्रायमर वापरावे. पेस्ट आणि थ्रेडलॉकर एकाच आट्यावर कधीही लावू नयेत.

झाकणाची भोके आरपार नसतील तर एक धोका लक्षात ठेवावा. बंद भोकात पेस्ट किंवा तेल जास्त झाले तर स्क्रू दट्ट्यासारखा काम करतो, आत दाब तयार होतो आणि ओतीव अ‍ॅल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. पेस्ट नेहमी स्क्रूला लावावी, भोकात ओतू नये.

उष्णतेच्या जागांबद्दल आपण विचारलेले नाही, पण याच यंत्राला एक्झॉस्ट असेल तर उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे साध्या ग्रीसचा कोळसा होतो आणि तोच नट धरून ठेवतो. अँटी-सीझ पेस्टमधले ग्रीसही जळते, पण मागे राहिलेले धातूचे कण आटे वेगळे ठेवतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हवेत साधारण ३५० ते ४०० अंश सेल्सिअसनंतर टिकत नाही, निकेलची पेस्ट त्याच्या कितीतरी पुढे जाते. जस्ताची पेस्ट मात्र तापणाऱ्या स्टेनलेसला अजिबात लावू नये. जस्त ४२० अंशांना वितळते आणि वितळलेले जस्त स्टेनलेसमध्ये शिरून त्याला ठिसूळ करू शकते.

राहिले सध्या अडकलेले स्क्रू. ज्यांची डोकी अजून शाबूत आहेत त्यांच्यावर एकदम जोर लावू नका. आट्यांत शिरणारे पातळ तेल घालून रात्रभर थांबा, स्क्रूच्या डोक्यावर सरळ रेषेत हातोडीचे हलके ठोके द्या, आणि आधी किंचित आवळण्याच्या दिशेने फिरवून पाहा. अगदी थोडा हलला तरी पुरे. मग पाव फेरा मागे, थोडा पुढे, परत तेल, असे करत आणा. तेवढ्याने हलला नाही तर तेल पुसून झाकण भोकाभोवती हॉट एअर गनने तापवा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा साधारण एक तृतीयांश जास्त प्रसरण पावते, त्यामुळे भोक सैल होते. जवळ रबरी सील असेल तर ते आधी काढून घ्यावे.

डोके तुटले असेल तर नेमका मध्य पंच करून ड्रिलने स्क्रू काढावा लागेल, आणि बहुतेक वेळा भोकातले आटेही खराब झालेले निघतील. तिथे तारेच्या गुंडाळीचा थ्रेड इन्सर्ट बसवा. नवे आटे मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत होतात. इन्सर्ट बसवताना त्याच्या बाहेरच्या बाजूला पाणीरोधक पेस्ट लावा, कारण अ‍ॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांची गाठ आता तिथे पडते. आतल्या बाजूला मात्र स्टेनलेसच्या स्क्रूसमोर स्टेनलेसचाच इन्सर्ट येतो, म्हणजे फ्लँजवरचा पहिला बिघाड इथेही होऊ शकतो. तेव्हा त्या स्क्रूंनाही पेस्टचा पातळ थर द्या आणि ते इम्पॅक्ट गनने न लावता हातानेच बसवा.